प्रतिसाद: समुद्राखालच्या केबल्स

सुरक्षेवरच्या या चर्चेत क्षेपणास्त्रं आणि ड्रोनबद्दल बरंच आलंय, पण मला जास्त काळजी वाटते ती समुद्रतळावरच्या केबल्सची. 25 डिसेंबर 2024 ला फिनलंड-एस्टोनियामधली एस्टलिंक 2 ही वीजवाहिनी तुटली, काही इंटरनेट केबल्सही. संशय ईगल एस या तेलवाहू जहाजाच्या नांगरावर. फिनलंडने जहाज ताब्यात घेतलं, खटला भरला. पण 2025 मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून तो फेटाळला. नुकसान फिनलंडच्या प्रादेशिक समुद्राबाहेर (किनाऱ्यालगतच्या हद्दीबाहेर) झालेलं, जहाजावर झेंडा कुक बेटांचा, म्हणजे नोंदणी तिथली! नाटोने गस्त वाढवली खरी, पण कायद्यातली ही पळवाट कोण बुजवणार? आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावरही अशा कितीतरी केबल्स येतात हो.