मुलांना शरीराची ओळख करून देणारी पुस्तकं : सीमाभागातले आपले अनुभव

टिळकवाडी, बेळगाव

गेल्या महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला उचकी लागली. आज्जीनं नेहमीप्रमाणे सांगितलं, "कुणीतरी आठवण काढलीय बघ." त्यानं जरा विचार केला आणि विचारलं, "मग ती उचकी मलाच कशी काय बरोबर सापडली?" तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. उचकी पोटातनं येते की छातीतनं? अन्न आणि हवा एकाच तोंडातनं जातात, मग आत वाट कोण दाखवतं?

मी गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत दुकानं पालथी घातली. मिळालं ते दोन टोकांचं. एक तर बालवाडीचा तक्ता, नाक-कान-डोळे. नाही तर थेट नीट परीक्षेच्या तयारीची जाडजूड पुस्तकं. मधल्या वयाला, तेही मराठीत, काही नाही. मुलगा मराठी शाळेत आहे. कन्नड त्याला बोलता येतं, इंग्रजी तो अडखळत वाचतो, पण विचार मराठीत करतो. इंग्रजी पुस्तक हातात दिलं की चित्रं बघतो आणि मिटून ठेवतो. आपल्या भागात हा प्रश्न माझ्या एकटीचा नसणार. तुम्ही काय केलं, कोणतं पुस्तक उपयोगी पडलं, कोणतं फसलं, ते मोकळेपणानं लिहा.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षिका

ताई, आमची शाळा जंगलाच्या कडेची, पट अठराचा. कर्नाटक सरकारच्या मराठी माध्यमाच्या विज्ञान पुस्तकात शरीराचा पाठ आहे, मजकूरही बरा आहे, पण चित्र तळहाताएवढं. तेवढ्याशा चित्रात जठर आणि यकृत मुलांना सारखीच वाटतात. यकृत दीड किलोच्या आसपास भरतं, बरगड्यांखाली उजवीकडे पसरलेलं असतं, हे त्या चित्रावरनं कळायला मार्ग नाही.

म्हणून आम्ही वर्तमानपत्राचे कागद खळीनं चिकटवून एक लांब कागद केला. पाचवीतली एक मुलगी त्यावर उताणी झोपली, बाकीच्यांनी कोळशानं तिच्या कडेनं रेघ मारली. जुन्या लग्नपत्रिका कापून अवयव केले. मूत्रपिंडं मुलांनी पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना चिकटवली, कारण पुस्तकात ती तिथेच दिसतात. मी म्हटलं, कागद उलटा करा. पाठीच्या बाजूनं, शेवटच्या बरगड्यांच्या उंचीला ती लावून घेतली, उजवं जरासं खाली, कारण वर यकृत बसलेलं. एक पोरगं लगेच स्वतःच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, "म्हणजे बाई, मूतखड्यात बाबा इथं हात धरून बसले होते." त्या दिवसापासून मी कुठलंही पुस्तक घेताना आधी हे बघते, की त्यात शरीर पाठीमागनं दाखवलंय का. बहुतेकांत नसतं.

आतड्यांसाठी एका आजींचं नऊवारी मागून आणलं. लहान आतडं साधारण ६ मीटर, मोठं दीड मीटर, आणि नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडं कमी. सगळं अंगणात पसरलं, आतड्यांएवढी लांबी खडूनं खूण करून घेतली आणि मग ती घडी घालून एका मुलाच्या पोटावर ठेवून बघितली. आजी शेवटपर्यंत उभ्या राहून बघत होत्या.

पुस्तकांचं म्हणाल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मुलांसाठीची विज्ञानाची मराठी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. आपली पोरं महाराष्ट्राच्या मंडळाची नसली तरी वाचायला कोण अडवतंय? मी हवी ती पानं खानापुरात झेरॉक्सवाल्याकडे मोठ्या कागदावर काढून घेते.

बेळगाव, वैद्यकीय महाविद्यालयातला प्रशिक्षणार्थी डॉक्टर

लोक हौसेनं विचारतात, "तुझी जुनी चौरसिया दे की, पोराला आवड आहे." चौरसिया म्हणजे आमचं शरीररचनेचं पाठ्यपुस्तक. मी देत नाही. ती पुस्तकं ज्यानं देह उघडून बघितलाय त्याच्यासाठी लिहिलेली असतात. बारा वर्षांच्या पोराला त्यात नावांचं ओझं तेवढं मिळतं आणि एखाद्याची आवडच मरते. तेरा-चौदाच्या पुढच्या, इंग्रजी जमणाऱ्या मुलाला मात्र कॅपिट आणि एल्सन यांचं रंगवायचं शरीररचनेचं पुस्तक द्यावं. १९७७ पासून ते चालू आहे आणि मी स्वतः पहिल्या वर्षी स्नायू त्यातनंच पाठ केले. एक स्नायू रंगवायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात तो कुठून निघतो आणि कुठे लागतो ते डोक्यात बसतं.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचं असेल तर जिभेचं पान उघडा. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा नकाशा छापला असेल तर पुस्तक खाली ठेवा. जिभेवर जिथे जिथे चव ओळखणाऱ्या रुचिकलिका आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात, हे कधीच सिद्ध झालंय. मुलाला मीठ आणि साखर देऊन घरीच बघू द्या. दुसरी खूण हृदयाची. ते छातीच्या मध्यभागी असतं, टोक डावीकडे कललेलं. पार डाव्या काखेजवळ काढलं असेल तर चित्रकारानं दुसऱ्या चित्रावरनं उतरवलंय. आणि शिरांतलं रक्त निळं असतं असं लिहिलं असेल तर तेही चूक. ते गडद लालच असतं, निळा रंग समजावण्यासाठी वापरतात, आणि चांगलं पुस्तक तसं स्पष्ट सांगतं.

ग्रे यांचं शरीररचनेचं १८५८ चं पुस्तक सगळ्यांना ऐकून माहीत असतं. त्यातली चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी काढली. पुस्तक निघालं त्याच वर्षी ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली आणि पुढे काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. म्हणजे जगभर गाजलेली ती चित्रं ज्या हातानं काढली, तो हात आपल्यापासून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर रुग्ण तपासत होता. माझ्या भाच्याला ही गोष्ट सांगितल्यावर तो चित्रांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागला. अवयवाचं नाव चित्राबाहेर रेघ ओढून न लिहिता त्या अवयवावरच लिहायची त्यांची पद्धत लहान मुलांनाही फार सोपी जाते. स्वतःची चित्रं काढताना तशीच करायला सांगा.

मुलं विचारतातच, "आतलं सगळं कुणी बघितलं?" तेव्हा देहदानाबद्दल सांगायला कचरू नका. बैलहोंगलच्या एका डॉक्टरांनी देहदान केलं होतं, आणि २०१० साली बेळगावात त्यांच्याच मुलानं, शरीररचनेच्या शिक्षकानं, विद्यार्थ्यांसमोर त्या देहाचं विच्छेदन केलं. वडिलांची इच्छाच तशी होती. मी हे माझ्या भाच्याला सांगितलं तेव्हा तो घाबरला नाही, बराच वेळ गप्प बसला.

निपाणी

माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. तिच्या खोकल्यावरनं माझ्या लेकीनं विचारलं, "आज्जीच्या आत काय झालंय?" मला सांगता येईना. एका इंग्रजी पुस्तकात फुप्फुसाचं चित्र होतं, झाडासारखं, खोड म्हणजे श्वासनलिका आणि शेवटाला द्राक्षाच्या घोसासारखे वायुकोश. त्या पानावर आम्ही तिघी बसलो. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण हृदयाला जागा द्यायची असते. वायुकोश कोट्यवधी. मी वाचून मराठीत सांगत होते, लेक ऐकत होती आणि माझी आई, जिनं चौथीनंतर पुस्तक धरलं नाही, ती त्या घोसांवर बोट फिरवत होती. "एवढ्या बारीक बारीक वाटांत धूळ जाऊन बसत्येय व्हय," म्हणाली. पुस्तक लेकीसाठी आणलं होतं. आता ते आईच्या उशाशी असतं.

शहापूर, बेळगाव

आमच्या घरी पुस्तकानं नाही, मटणाच्या दुकानानं सुरुवात झाली. मुलगा आठ वर्षांचा. दुकानदार म्हणाला, "काळीज देऊ काय?" मुलानं बघितलं आणि मला म्हणाला, "बाबा, पुस्तकात हे यकृत आहे. आणि आई तर म्हणते काळजाचा ठोका चुकला. यकृताला ठोका असतो?" खरंच, आपल्या बोलण्यात काळीज म्हणजे हृदय आणि दुकानात काळीज म्हणजे यकृत. इतकी वर्षं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग बोकडाचं हृदयही घेतलं. घरी ताटात ठेवून उभं कापलं. पुस्तक शेजारी उघडं. आपल्यासारखेच चार कप्पे. मुलानं दोन्ही बोटांच्या चिमटीत भिंती धरून बघितल्या, डावीकडची जाड, घट्ट, उजवीकडची पातळ. पुस्तकात लिहिलं होतं की उजवी बाजू रक्त फक्त फुप्फुसांकडे ढकलते आणि डावी साऱ्या अंगाला, म्हणून डावी दणकट. वाचून जे डोक्यावरनं गेलं होतं ते चिमटीत कळलं. झडपांना आतून धरून ठेवणारे पांढरे दोरे निघाले, शिवणाच्या धाग्यासारखे. ते त्यानं सुईनं उचलून मोजायचा प्रयत्न केला. शाकाहारी घरात हे जमणार नाही, ते मला कळतं. पण ज्यांच्याकडे रविवारी मटण येतं त्यांनी पुस्तक स्वयंपाकघरात न्यावं. फक्त हात साबणानं धुवायला लावा.

पुस्तक म्हणाल तर अस्बोर्न प्रकाशनाचं झडपा उघडायचं एक होतं, पोटाची झडप उघडली की आत जठर, जठराची झडप उघडली की आत घास. महाग वाटलं, पण तीन वर्षं रोज उघडून झडपांच्या कडा मऊ पडल्यात. आता धाकटी वापरते.

अथणी

आमच्या मुली कन्नड शाळेत, घरात मराठी. दोघींसाठी मी एक वही केली. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर मराठी आणि कन्नड शब्दांचे रकाने. हृदय, जठर, मूत्रपिंड दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच. मेंदूला कन्नडमध्ये मिदुळू. फुप्फुसाला श्वासकोश, आणि धाकटी म्हणते तोच शब्द चांगला, कारण त्यात काम लिहिलंय. आतड्याला करुळू. शाळेत कन्नडमधनं उत्तर लिहिताना आता ती अडत नाही, आणि आज्जीला सांगताना मराठी शब्द हाताशी असतो. मराठी नेमके शब्द अडले की मी मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर बघतो, नोंदी मोठ्यांसाठीच्या आहेत पण शब्द पक्के मिळतात.

हिंडलगा

मला वेगळंच सांगायचंय. माझी मुलगी दहा वर्षांची असताना जुन्या पुस्तकांच्या ढिगात शरीरावरचं छान रंगीत पुस्तक मिळालं. घरी आल्यावर कळलं, मधली दोन पानं कुणीतरी डिंकानं चिकटवून टाकलीत. अर्थातच, प्रजननसंस्थेची.

माझ्याही लहानपणी शाळेत तो पाठ "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला होता. पहिल्या पाळीच्या दिवशी मला वाटलं होतं मी मरणार. म्हणून त्या संध्याकाळी चहाच्या आधणाच्या वाफेवर आम्ही दोघींनी ती पानं सोडवली. सावकाश, पट्टीची कड घालून. एका कोपऱ्यात छपाई जराशी उचकटली, बाकी सगळं शाबूत. गर्भाशय, अंडाशय, वृषण, सगळ्यांची नावं आम्ही मोठ्यानं वाचली. माझा आवाज सुरुवातीला कापत होता, तिचा नाही. गर्भाशय केवढं असतं म्हणून तिनं विचारलं, मी मूठ दाखवली. तिला खात्री होती की ते पोटभर असतं. पुढच्या वर्षी पाळी आली तेव्हा ती शाळेतनं आली, मला सांगितलं आणि दूध पिऊन खेळायला गेली.

पुस्तक घेण्याआधी हे प्रकरण आहे का बघा, आणि मुलांसाठीही बघा, फक्त मुलींसाठी नाही. जे पुस्तक बेंबीपासून थेट मांडीवर उडी मारतं ते मी घेत नाही.

टिळकवाडी, बेळगाव

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. रविवारी मी मुलाला घेऊन सार्वजनिक वाचनालयात गेले. १८४८ पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि मी शोध दुकानांत घेत होते. घरी येऊन खानापूरच्या बाईंसारखा कागद जोडला. जिभेचं पान तपासलं, आमच्याकडच्या एका तक्त्यात तोच नकाशा निघाला, मुलानं त्यावर लाल पेनानं फुली मारली.

श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, त्यानं लग्नपत्रिकेच्या सोनेरी कागदाचं केलं, फुप्फुसांखाली, छत्रीसारखं. श्वास घेताना ते खाली जातं, ते अचानक आकसलं आणि लगेच स्वरयंत्राची फट मिटली की उचकीचा आवाज होतो, एवढं त्याचं पाठ झालंय. काल गडहिंग्लजच्या आज्जीला त्यानं फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आज्जी, काल पाच वाजता तू माझी आठवण काढली होतीस काय? वहीत लिहून ठेवायचंय." ती म्हणाली, "बाळा, मी तर दिवसभर काढते." आता तो तारीख-वेळ लिहून ठेवतोय. कधी कोल्हापूरला पुस्तक प्रदर्शन लागलं तर सांगा, आम्ही दोघं येऊ.