मदत हवी आहे : चिचुंद्रीच्या आतड्यातला पट्टकृमी (टेपवर्म) ओळखायचा आहे

नमस्कार मंडळी. मी गुहागरची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रबंधाचा विषय आगरातल्या उंदीर-चिचुंद्र्यांच्या पोटातले परजीवी. प्राणी मी मारत नाही. मांजर चिचुंद्री मारतं, पण वासामुळे खात नाही, पायरीवर आणून टाकतं. बहुतेक नमुने त्यातलेच. (शेजारी आता हाक मारून देतात. आईला मात्र हे अजिबात पसंत नाही.)

उंदरांचं फारसं अडलं नाही. यकृतात वाटाण्याएवढी पांढरी गाठ, तिच्यात मांजराच्या पट्टकृमीची, हायडॅटिजेरा टीनिफॉर्मिसची अळी. आतड्यात हायमेनोलेपिस डिमिन्यूटा हा दुसरा पट्टकृमी. घोडं अडलंय ते चिचुंद्रीपाशी. तिच्या आतड्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे पट्टकृमी आहेत. डोक्यावर चिकटून राहायला चार चूषक, मध्ये रोस्टेलम (सोंडेसारखा उंचवटा), पट्टीसारख्या शरीराच्या पक्व खंडात तीन वृषणं, म्हणजे कुळ हायमेनोलेपिडिडी धरायला हरकत नसावी. पण डिमिन्यूटाला रोस्टेलमवर आकडे (हुक) नसतात आणि त्याच कुळातल्या हायमेनोलेपिस नानाला एका ओळीत वीस ते तीस असतात. माझ्याकडे एका डोक्यावर दहा, एकावर सात आणि एकावर एकही नाही!

सर म्हणतात, नवी जात दिसते, लिहून टाक. मला तेवढी घाई नाही. एकदोन चुरगळलेल्या नमुन्यांवरून दिलेली नावं आधीच काय कमी आहेत?

आकड्यांतला हा फरक जातींचा मानायचा का? आणि कॉलेजात फॉर्मलिनच मिळतं, ते चालेल का? लेप्टोबद्दल (उंदरांपासून होणारा लेप्टोस्पायरोसिस) बजावू नका, हातमोजे घालूनच कापते.

प्रतिसाद १
मांजराने रात्री मारलेली चिचुंद्री तुम्ही सकाळी उघडत असणार. यजमान, म्हणजे ज्याच्या पोटात कृमी राहतो तो प्राणी, मेला की आतला पट्टकृमीही विरघळू लागतो आणि रोस्टेलमवरचे आकडे गळतात. आपल्याकडच्या उकाड्यात तर बघायलाच नको. तेव्हा सात आणि शून्य सोडून द्या, दहासुद्धा 'निदान दहा' एवढंच धरा. ताजी मिळाली तर कृमी आधी साध्या पाण्यात सैल पडू द्या. मग डोकं कापून काचपट्टीवर बर्लेसीच्या द्रावणात (नमुना पारदर्शक करणाऱ्या) दाबून बसवा, आकडे मोजा, प्रत्येकाची लांबी घ्या, आकार चितारा. मधले खंड कार्माइन या रंगाने रंगवा. त्याच कृमीचे शेवटचे खंड ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे चित्र आणि डीएनए एकाच जिवाचे राहतील. फॉर्मलिन डीएनएची वाट लावतं.

प्रतिसाद २
चिचुंद्रीची कवटीही जपून ठेवा. पुढे यजमान कुठला यावरूनच वाद होतो. आणि उंदराची गाठ एवढ्यात निकालात काढू नका. टीनिफॉर्मिस हीच एक जात समजली जायची, तिच्यातून 2016 मध्ये हायडॅटिजेरा कामियाई वेगळी निघाली, आणि त्यात मोठा आधार डीएनएचा होता. ती युरोप-आशियाच्या उत्तरेकडच्या रानउंदरांतली, तुमच्याकडे टीनिफॉर्मिसच असण्याची शक्यता जास्त. तरी जात ओळखायला वापरतात त्या सीओएक्स-१ जनुकाची डीएनए तपासणी करून घ्या. खरंच नवी जात निघाली, तर मूळ नमुना भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात जमा करता येईल.

धागाकर्ती
दोघांचे आभार. बरोबर, सगळ्या पहाटेच्याच होत्या. मांजर पकडतं तेव्हाच चिचुंद्री हाती लागेल असं शेजाऱ्यांना सांगून ठेवते. ॲब्सोल्यूट अल्कोहोलला मात्र परवाना लागतो आणि कॉलेजचा अर्ज नुसता फिरतोय. चिपळूण-रत्नागिरीकडे कुणाच्या प्रयोगशाळेत शंभर मिली सुटं मिळेल का? व्यनि करावा.