दिवा फाउस्टिनाच्या सोन्याच्या नाण्याचं वर्ष कसं लावायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रोमन सम्राट अँटोनायनस पायसची पत्नी फाउस्टिना इ.स. १४० च्या सुमारास वारली. तिला देवत्व दिलं गेलं, रोमच्या फोरममध्ये मंदिर बांधलं (त्याचे खांब अजून उभे आहेत) आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्या नावाची नाणी पडत राहिली. नवऱ्याने बायकोची आठवण अशी सोन्यात जपली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सध्या तिच्या एका ऑरियसचा (रोमन सोन्याच्या नाण्याचा) फोटो भिंगाखाली घेऊन बसले आहे. मोत्यांच्या माळा गुंफलेला, थेट माथ्यावर बांधलेला अंबाडा; कडेने ‘दिवा फाउस्टिना’. हे ‘दिवा’ म्हणजे आपल्या ‘देव’ शब्दाचंच लॅटिन भावंड! नाण्याच्या मागच्या बाजूला मशाल घेतलेली धान्यदेवता सेरेस.

लेकीचं, म्हणजे धाकट्या फाउस्टिनाचं नाणं ओळखता येतं, तिचा अंबाडा मागे मानेकडे असतो. अडलंय ते वर्षापाशी. सम्राटाच्या नाण्यावर तो कितव्यांदा कॉन्सल (रोममधलं एक मोठं मानाचं सरकारी पद) झाला ते असतं, त्यावरून काळ लागतो. हिच्या नाण्यावर तसं काहीच नाही. मग सुरुवातीची नाणी कोणती आणि नंतरची कोणती, हे अभ्यासक कशावरून ठरवतात? अक्षरांच्या वळणावरून, की एकाच ठशाने (नाणं पाडायच्या साच्याने) पाडलेली नाणी जुळवून? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.