ऑटोमॅटिक पिकअपला बाहेरचा ऑइल कूलर आणि वेगळा फिल्टर: घाटात माल नेणाऱ्यांनी बसवावा की नाही?

वाळपईचा कुळागरवाला

माझं मत आधीच सांगतो. ऑटोमॅटिक पिकअप भरून गोव्यातून चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट चढवणाऱ्याने गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर आणि बाहेरून बदलता येईल असा फिल्टर बसवलाच पाहिजे. मी बसवला आहे. गाडीतून कुळागरातले नारळ-सुपारी बेळगावला जातात, येताना शेणखताच्या गोण्या असतात.

कारण असं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जातो. सपाट रस्त्यावर कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात, तेव्हा तेल फारसं तापत नाही. पण केरी सोडून चढ लागला की वेग पडतो, प्रत्येक वळणावर लॉक सुटतो आणि तेल नुसतं घुसळलं जातं. समुद्रसपाटीजवळून चोर्ल्याच्या पठारापर्यंत, म्हणजे जवळपास ८०० मीटर, हेच चालतं. ते तापलेलं तेल कंपनीने रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमध्ये सोडलेलं असतं. तो कूलर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार करणाऱ्या पाण्यात, बुडालेला, त्यामुळे तेल कूलंटपेक्षा थंड होऊच शकत नाही. आणि चढावर कूलंटच ९०च्या पुढे असतं.

दुसरा मुद्दा फिल्टरचा. चेंबरमधला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या तबकातला, फिल्टर जाडसर असतो, तो बदलायला चेंबर उतरवावा लागतो, म्हणून कुणी बदलत नाही. क्लचप्लेटची भुकटी आणि लोखंडाचा कीस व्हॉल्व्हबॉडीत, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागात, फिरत राहतो. इंजिनाच्या ऑइल फिल्टरसारखा आट्यांचा फिल्टर चेसिसच्या आतल्या बाजूला लावला, तर तो सहज काढता-बसवता येतो.

माझ्या गाडीत तेल गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे, तिथून बाहेरच्या कूलरला, मग फिल्टरला आणि परत गिअरबॉक्समध्ये जातं.

म्हापसेकर

मला हे पटत नाही, आणि कारणं नीट देतो.

हायलक्स असो की व्ही-क्रॉस, या गाड्यांची मोठी बाजारपेठ थायलंड आहे. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा सौम्य नाही आणि तिथले लोक पिकअप भरूनच चालवतात. कूलर अपुरा असता तर तिथे आधी बोंब झाली असती.

तुम्ही एका बंद तेलमार्गात नवे आठ-दहा जोड घातलेत. यातला कुठलाही एक सुटला तर पंप काही मिनिटांत तेल रस्त्यावर ओततो. अनमोडच्या जंगलात, पावसात, रात्री, नेटवर्क नसताना. तेल तापल्याने गिअरबॉक्सचं आयुष्य घटतं हे मान्य, पण तेल संपलं तर तो तिथेच जातो.

आणि परतीच्या नळीतलं तेल बहुतेक गिअरबॉक्समध्ये आधी बुश आणि बेअरिंगांना जातं. त्याच नळीवर तुम्ही फिल्टर लावलाय. तो चोंदला की वंगण तुटणार.

माझा उपाय साधा आहे. ‘आयुष्यभराचं तेल’ यावर विश्वास न ठेवता ४०-५० हजार किलोमीटरला तेल बदला. घाटात मॅन्युअल मोडवर दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवा, म्हणजे गिअरबॉक्सची वरखाली धावपळ थांबते. वॉरंटीही शाबूत राहते.

डिचोलीचं गॅरेज

म्हापसेकरबाब, गिअर धरून चालवायचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण जोडांची भीती कामाच्या दर्जावर आहे. डिझेलचा साधा रबरी पाइप आणि एक क्लिप लावली तर सुटणारच. गिअर ऑइलचं तापमान आणि दाब सोसणारा पाइप घ्या, पाइप जिच्यावर चढतो ती निप्पल कड असलेलीच वापरा, पाइप चेसिसला घासतो तिथे रबर द्या.

तुम्हा दोघांनी न बोललेली गोष्ट सांगतो. रेडिएटरमधला कूलर आतून कुजला की कूलंट आणि तेल एकत्र होतं. तेल गुलाबी दुधासारखं दिसतं. पाणी लागलं की क्लचप्लेटवरचं अस्तर सुटतं, मग नुसतं तेल बदलून भागत नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागतो. म्हणून जुन्या गाडीला मी रेडिएटरची वाट बंद करून सगळं तेल बाहेरच्या कूलरलाच देतो. कुळागरवाल्यांनी रेडिएटर ठेवलाय, ते मला पटत नाही.

वाळपईचा कुळागरवाला

भाऊ, जुन्या रेडिएटरबद्दल तुमचं ऐकतो. पण चांगल्या रेडिएटरला का वगळायचं? तो तेल गार करतो तसं सकाळी ते गरमही लवकर करतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, जून-जुलैत कूलरवर सतत पाणी उडतं. नुसता बाहेरचा कूलर असेल तर तेल हवं तितकं तापतच नाही, दाट राहतं, लॉक उशिरा लागतो. रेडिएटर वगळायचाच असेल तर थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह हवा, जो तेल तापेपर्यंत ते कूलरकडे जाऊ देत नाही.

म्हापसेकरबाब, फिल्टर चोंदण्याचा धोका खरा आहे. म्हणूनच बायपास व्हॉल्व्ह असलेलाच फिल्टर घ्यायचा. चोंदला तरी तेल न गाळता पुढे जातं, वंगण थांबत नाही. बायपास नसलेला कुणी स्वस्तात देत असेल तर मीही म्हणेन, नको.

काणकोणकर

मी मधला. फिल्टर हवा, कूलर मोजल्याशिवाय नको.

बोटीचा ट्रेलर ओढतो, करमल घाट रोजचा. बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइलचं तापमान ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून मोबाइलवर दिसतं. ८० ते ९५च्या दरम्यान असेल तर काही करायची गरज नाही. भरल्या गाडीने चढावर ते ११०-११५ ओलांडून तिथेच राहत असेल तर कूलर बसवा. इथे कुणीच आकडे दिलेले नाहीत, नुसतं ‘तापतं’ म्हणून पैसे घालणं बरोबर नव्हे.

आणखी एक. माझ्या गाडीत तेल सगळ्यात जास्त तापतं ते उतारावरून पाण्यातली बोट ओढून काढताना. गाडी जवळजवळ उभीच, समोरून हवा नाही. कूलर बंपरमागे कोपऱ्यात बसवला तर अशा वेळी त्याचा शून्य उपयोग. पंखा जिथून हवा ओढतो तिथेच तो हवा.

म्हापसेकर

म्हणजे एसीच्या कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या जाळीच्या) पुढे. मग मे महिन्यात एसी कमी पडतो त्याचं काय? आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या पाकळ्या किती वर्षं टिकतात ते कंडेन्सर बदलणाऱ्यांना विचारा. मोटार वाहन कायद्याचाही विचार करा.

वाळपईचा कुळागरवाला

१९८८च्या कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. तेलाच्या कूलरची नोंद त्या पत्रात नसतेच. वॉरंटीचा मुद्दा मात्र मान्य. वॉरंटीत असलेल्या गाडीला मी हात लावायला सांगणार नाही.

साखळीचा टिप्परवाला

२०१८ साली खाणी बंद पडल्या तोवर आमची गाडी खाणीवरच होती. टिप्पर मॅन्युअल, त्यामुळे हा प्रश्न आमचा नव्हता. पण अवजड गाड्यांत चालणाऱ्या ॲलिसनच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना बाहेरून बदलायचा फिल्टर मूळचाच असतो. रोज ओझं ओढणाऱ्यासाठी बनवणारेच तसं देतात, मग पिकअप तेच काम करत असेल तर तिला का नको?

धुळीचं मात्र लक्षात ठेवा. खनिजाच्या रस्त्यावर लाल माती पाकळ्यांत बसते आणि पहिल्या पावसात घट्ट होते. बाहेरचा कूलर लावलात तर तो आतून बाहेर, हलक्या दाबाने धुवायचा.

म्हापसेकर

रोज ओझं ओढणाऱ्याला फिल्टर, एवढं मी मान्य करतो. महिन्यातून एकदा घाट चढणाऱ्याने कूलरच्या नादी लागू नये, यावर मी ठाम आहे.

डिचोलीचं गॅरेज

बसवणाऱ्यांसाठी शेवटचं काम, जे बहुतेक जण विसरतात. कूलर, फिल्टर आणि नळ्यांत जेवढं तेल मावतं तेवढं वरून घालावं लागतं. या गाड्यांना डिपस्टिक नसते. गाडी सपाटीवर, इंजिन चालू, तेल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, सगळे गिअर एकदा फिरवून मग लेव्हलचा बोल्ट उघडायचा. नवा फिल्टर पहिल्या हजार किलोमीटरला काढा, कापून आत बघा. बारीक काळी भुकटी असेल तर चिंता नाही. चकाकणारे तुकडे दिसले तर कूलर राहू द्या, गिअरबॉक्स दाखवा. गिअरबॉक्स आधीच फुटलेला असेल तर जुना कूलर परत वापरू नका, प्लेटचा कूलर आतून पूर्ण साफ होत नाही. तिथे फिल्टर कूलरच्या आधी लावायचा.

काणकोणकर

भाऊ, सोमवारी गाडी घेऊन येतो. आधी स्कॅनर लावून करमल चढू, मग ठरवू.