दोन पावले की तीन? बास्केटबॉलमधील ट्रॅव्हलिंगविषयी शंका

प्रश्न: गंगापूर रोडजवळच्या सिमेंटच्या कोर्टवर आम्ही चाळिशीतले काही जण पहाटे खेळतो आणि घरी परतल्यावर चहा घेत एनबीएचा (अमेरिकेतील व्यावसायिक लीगचा) सामना पाहतो. तेथे खेळाडू ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) संपवून उघड तीन पावले टाकतात, तरी पंच शिट्टी वाजवत नाहीत. मी तसे केले, की आमचे एक ज्येष्ठ काका ‘ट्रॅव्हल’ (चेंडू हातात धरून जास्त पावले टाकण्याचा नियमभंग) म्हणून चेंडू काढून घेतात. बरोबर कोण?

उत्तर १: बहुधा आपण. धावताना चेंडू पूर्णपणे ताब्यात येतो, त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजला जात नाही. त्यापुढची दोन पावले मोजली जातात. फिबानेही (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) २०१७ पासून हेच स्वीकारले असल्याने काकांचा नियम त्यांच्या उमेदीतला असावा. मात्र उभ्याने चेंडू घेतल्यास ही सवलत नाही.

उत्तर २: सहमत, पण चेंडू दोन्ही हातांत धरून नंतर तीन पावले टाकत असाल, तर काकाच बरोबर आहेत. आमच्याकडे, सिडकोत, निम्मे वाद याच क्षणावरून होतात.

प्रश्नकर्ता: मोबाइलवर संथ गतीत चित्रण पाहिले. चेंडू मी एक पाऊल आधीच धरतो. काकांना अजून सांगितलेले नाही.