कब्स विरुद्ध सॉक्स: तुमचा पहिला क्रॉसटाउन सामना

शिकागोत कब्स (उत्तरेचा, निळा संघ) आणि व्हाइट सॉक्स (दक्षिणेचा, काळा) ह्या शहरातल्याच दोन बेसबॉल संघांचे सामने आले की ऑफिसात कुणीतरी जास्तीची तिकिटं घेऊन फिरतंच, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पहिलावहिला बेसबॉल नेमका हाच असतो. खेळ कळला नसला तरी चालेल. काय पाहिलंत, काय खाल्लंत, कुणाच्या बाजूने ओरडलात, लिहा. सुरुवात मी करते.

माझा सामना रेड लाइनच्या लोकलमध्येच सुरू झाला. उत्तरेला कब्सचं स्टेशन ॲडिसन, दक्षिणेला सॉक्स–थर्टीफिफ्थ. दोन्ही मैदानं एकाच लाइनीवर. निळे आणि काळे शर्ट खेटून उभे. काळ्या टोपीतल्या एका आजोबांनी निळ्या पोराला विचारलं, "१९०६ शाळेत शिकवलं की नाही?" तेव्हाच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे वर्षाच्या अंतिम मालिकेत, सॉक्सनी कब्सना ४-२ असं लोळवलं होतं. आपण पानिपत काढतो तसं हे १९०६ काढतात.

*

आम्ही कब्सच्या रिग्ली फील्डला ब्लीचर्समध्ये, म्हणजे सीमेपलीकडच्या बाकांवर, होतो. १९१४चं मैदान, धावांच्या फळ्यावरचे आकडे अजून माणसं हाताने बदलतात. सॉक्सवाल्याचा होमरन (बेसबॉलचा षटकार) आमच्या दोन रांगा पुढे पडला. ज्याला चेंडू मिळाला तो खिशात घालणार, एवढ्यात समोरच्या संघाचा चेंडू नको म्हणून सगळे "थ्रो इट बॅक!" ओरडत मागे लागले. बिचाऱ्याने दिला फेकून! मी असतो तर घरी नेला असता. भिंतीवर वेल आहे, त्यात चेंडू अडकला तर फील्डर दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस, म्हणजे धावेतले दोन टप्पे, मिळतात. पण हात घालून शोधायला गेला की खेळ चालूच. नियम शेजारच्या बाईंनी सांगितला, बिअर सांभाळत.

*

दक्षिणेकडच्यांची बाजू कुणी लिहीना, म्हणून लिहितो. सॉक्सनी २००५ला ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. कब्स २०१६ला १०८ वर्षांनी जिंकले आणि जगाने तेवढंच लक्षात ठेवलं. सॉक्सवाल्यांचा राग समोरच्या संघावर कमी, ह्या विसरण्यावर जास्त. सॉक्सच्या रेट फील्डला शेजारी बसलेल्या काकांनी पहिल्या दहा मिनिटांत २००५ ऐकवलं, मग नाव विचारलं.

आईही सोबत होती. तिला खेळात रस नव्हता, पण सॉक्सच्या होमरनला फळ्यावरून फटाके उडाले तेव्हा चक्क उठून टाळ्या वाजवल्या. तिथे एलोते मिळतं: मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, चीज, मेयोनीज. "लिंबू-तिखट ठीक आहे रे, हे पांढरं कशाला?" म्हणत संपवलं. बाहेर पार्किंगमध्ये सॉक्सच्या जुन्या मैदानाच्या, कॉमिस्की पार्कच्या, होमप्लेटची (फलंदाज जिथे उभा राहतो ती) जागा दाखवणारी खूण आहे. तिथे फोटो काढायला रांग होती, गाड्या वळसा घालून जात होत्या.

*

मला कंटाळा आला, खरं सांगते. २०२३पासून पिचरला (गोलंदाजाला) ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायला घड्याळ लावलंय म्हणून तरी आवरतं. पण उपनगरातल्या आपल्या लोकांना बाजू वारशाने मिळत नाही, निवडावी लागते, आणि ती प्रेक्षकांत बसूनच ठरते. नवरा कब्सकडे गेला, मुलगी सॉक्सकडे. मी राखाडी स्वेटर घालते.

*

@राखाडी स्वेटर, ताई, तो दोन्हीकडे चालत नाही. सॉक्सकडे विचारतील, "कुठल्या बाजूच्या?" नेपरव्हिल (शिकागोचं उपनगर) म्हटलंत तर आणखी विचारतील.