आई ७९ वर्षांची, भाऊ दिव्यांग. घरपट्टीत काही सूट मिळते का?

पवननगरवाला:
नमस्कार मंडळी. नाशिकला सिडकोतलं जुनं घर आहे, वडील गेले त्याला सहा वर्षं झाली, आता घरात आई आणि धाकटा भाऊ. भावाला लहानपणापासून चालता येत नाही, सर्टिफिकेट ६५ टक्क्यांचं आहे. मी कामासाठी पुण्यात, महिन्यातून एकदा येतो. यंदाचं बिल बघितलं तर दोन वर्षांची मागची बाकी आणि वर शास्ती (उशिराचा दंड), आईने बिलं गादीखाली ठेवून दिलेली, म्हणे तुला कशाला त्रास. शेजारचे एक जण म्हणाले सीनियर सिटिझनला निम्मी माफ होते, आणि एका एजंटने "करून देतो" म्हणून तीन हजार घेतले, आता फोन उचलत नाही. खरंच असं काही आहे का? आणि ५०० फुटांखालच्या घराला माफी आहे असंही ऐकलं, आमचं तेवढंच आहे.

गोदाकाठ:
५०० फुटांचं विसरा दादा, ते मुंबई महापालिकेचं, १ जानेवारी २०२२ पासून. दर वर्षी कोणीतरी व्हॉट्सअपवर फिरवतं आणि इथली लोकं विभागीय कार्यालयात जाऊन भांडतात. पुण्यात स्वतः राहतो त्या घराला ४० टक्के सवलत आहे तीही पुण्याचीच, तुम्ही तिकडे असता म्हणून गल्लत झाली असेल. घरपट्टीची सवलत ज्या त्या महापालिकेच्या ठरावावर असते. नुसतं वय झालं म्हणून एसटीत सूट मिळते, पंच्याहत्तरीनंतर तर प्रवासच फुकट, पण घरपट्टीवाला आधार कार्डवरची जन्मतारीख बघत नाही.

रिटायर्ड मास्तर:
एजंटचे पैसे गेले समजा. आधी मागच्या थकबाकीचं बघा. शास्ती महिन्याला २ टक्के लागते, म्हणजे वर्षाचे २४, बँकेत एवढं व्याज कोण देतं? मनपा मधूनमधून अभय योजना आणते, त्यात शास्तीत बरीच सूट असते, पण तिची वाट बघत बसू नका, आली तर आली. बाकी फिटली की पुढच्या वर्षीपासून एप्रिलमध्ये भरत जा, तेव्हा सूट सगळ्यात जास्त, मे-जूनमध्ये कमी कमी होत जाते. आमच्या सौ. तर एक एप्रिललाच मागे लागतात.

भावाचं म्हणाल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय का? ६५ टक्के म्हणजे पिवळं कार्ड येईल. पिंपरी-चिंचवडला दिव्यांगांच्या नावावरच्या घराला सामान्य करात सवलत आहे, इथे सध्या काय आहे ते नवीन नाशिक विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा, पोच घ्या. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं. आणि मनपाला उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, त्यातून भावाला दुसरं काही मिळतंय का तेही त्याच फेरीत विचारून या.

सातपूरची ताई:
दादा एक सांगा, घर अजून वडिलांच्याच नावावर आहे का? कुठलीही सवलत मागायला गेलात की पहिला प्रश्न हाच असतो. आमच्याकडे सासऱ्यांचं नाव तसंच राहिलं होतं, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नणंदांच्या सह्या, यात चार महिने गेले (एक नणंद सुरतला, तिची सही हा वेगळाच किस्सा). सिडकोचं घर असेल तर सिडकोच्या ऑफिसात वेगळं आणि घरपट्टीला वेगळं नाव लावावं लागतं, एकीकडे केलं म्हणजे झालं असं नाही. बाकी असेल तर नाव लावतानाही अडवतात.

पवननगरवाला:
हो ताई, वडिलांच्याच नावावर आहे 😞 वरती एक खोली पण काढली होती २०१९ ला, ती बिलात नाही. वडील आधी फौजेत होते, मग अंबडला कंपनीत सिक्युरिटीला लागले, तेव्हा हे घर घेतलं. बघतो आता नावाचं.

तोफखाना_निवृत्त:
अहो थांबा थांबा, फौजेत होते हे शेवटी सांगताय?? पेन्शनवर सुटले होते का? आईंना फॅमिली पेन्शन येते का? येत असेल तर ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग सगळं बाजूला ठेवा. २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत माजी सैनिक आणि सैनिकाच्या विधवा पत्नीला राज्यातल्या एका घराची मालमत्ता करमाफी आहे. आधी ही सवलत शौर्यपदकवाल्यांना आणि शहिदांच्या पत्नींना होती, मग सगळ्यांना केली. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या वहिनींना अजून माहीत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आईंचं ओळखपत्र, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), डिस्चार्ज बुक, आधार घेऊन, तिथून दाखला मिळतो तो मनपाला द्यायचा. घर स्वतः वापरात हवं, वरच्या खोलीत भाडेकरू असेल तर आधी ते निस्तरा. मागची बाकी यातून आपोआप जाईल असं मात्र धरू नका.

गोदाकाठ:
+१. फक्त बिल शून्य येईल असंही समजू नका, शिक्षण कर राज्य सरकारचा असतो, तो राहू शकतो. आणि वरच्या खोलीचं जरा जपून, २०१८ ला तुकाराम मुंढे साहेब मनपा आयुक्त असताना १ एप्रिलपासून नव्या बांधकामांचे दर वाढले होते, ती खोली नोंदवली तर जुन्या घरापेक्षा जास्त दराने लागू शकते. पण लपवून सवलतीचा अर्ज करू नका, मोजणीला आले की उघडं पडेलच.

पवननगरवाला:
काका, मनापासून आभार. काल रात्री आईला फोन केला, पेन्शन येते, दर वर्षी हयातीचा दाखलाही देते, मला वाटायचं कंपनीचीच पेन्शन. तिने पेटीतून डिस्चार्ज बुक काढलं आणि भावाने फोटो पाठवला. पण त्यात आईचं नाव माहेरचं आहे, सुमन, आणि आधारवर सुनंदा. आता?

तोफखाना_निवृत्त:
हे निम्म्या घरांत निघतं, घाबरू नका. वडील तोफखान्यातले असतील तर रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिकरोड कॅम्पातच आहे, बाकीच्यांना पार कुठे कुठे पत्रं धाडावी लागतात. सैनिक कल्याण कार्यालयातच सांगा नावात फरक आहे, प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते तेच सांगतील आणि अर्जही त्यांच्यामार्फत जाईल. पीपीओवर कुठलं नाव आहे ते आजच बघा आणि इथे टाका, नंबर वगैरे झाकून.